महाविद्यालय पाहावयास जाताना

वैशाख लागून बारावीचे निकाल हाती आले, की प्रतिवर्षी आमच्या पेढीवर येणाऱ्या व्यापारीबंधूंच्या बोलण्यात गहू-तांदळाच्या भावाच्या जोडीला आणखी एक विषय येऊन बसतो. "चिरंजीवांना कोठे घालावे?" हा तो विषय होय. कोणी पुण्याचे नाव घेतो, कोणी अहमदाबादेचे, कोणी मेहुण्याच्या मुलाचा दाखला देतो. चहाचा पेला संपेपर्यंत निर्णय जवळजवळ होऊन जातो. आणि त्या निर्णयावर मुलाच्या आयुष्याची तीन-चार वर्षे व बापाचे काही लाख रुपये लागावयाचे असतात. फार झाले तर पुढल्या रविवारी मोटार काढून महाविद्यालयाचे फाटक पाहून येतात.

हेच आमचे बंधू एक ट्रकभर तूरडाळ घ्यावयाची असली म्हणजे कसे वागतात, हे आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ पाहत आलो आहोत. वानगी पाहून कोणी पैसे मोजीत नाही. थप्पीतील वरचे पोते सोडून खालचे काढावयास लावतात, पोत्याच्या पोटात परखी खुपसून दाणा बाहेर काढतात, तळहातावर पसरतात, दाताखाली धरून ओलावा पाहतात, खडा व किडका दाणा वेगळा करतात, आणि मग भाव बोलतात. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण स्वयंपाकघरात खरी आहे, कारण एका पातेल्यात एका आचेवर शिजलेली शिते सारखीच असतात. वखारीत ती खरी नाही. पोत्याच्या तोंडाशी कोणता दाणा यावा, हे पोते भरणारा ठरवितो. महाविद्यालयाचेही तसेच आहे. फाटक, बाग, सभागृह व रंगीत माहितीपत्रक हे पोत्याचे तोंड होय. पोटात काय आहे ते पाहावयाचे असेल, तर परखी आपणच बरोबर न्यावी लागते.

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. आमचा अधिकार विद्वत्तेचा नाही, चुकीचा आहे. ती चूक प्रथम सांगतो, म्हणजे पुढील सूचना कोठून आल्या हे वाचकांच्या ध्यानी येईल.

१. आमची चूक

सन २००१ मध्ये आमचे थोरले चिरंजीव बारावी उत्तीर्ण झाले. त्यांस अभियांत्रिकी शिकावयाची होती. एका दूरच्या गावी नव्याने निघालेल्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक आमच्या हाती आले. त्या संस्थेचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष आमच्या पाहण्याचा होता. आम्ही मुलाला घेऊन तेथे गेलो. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी आमचे उत्तम स्वागत केले, चहा-फराळ दिला, संगमरवरी जिना दाखविला. बोलणे निघता निघता धान्याच्या बाजारावर आले आणि तासभर त्यावरच रंगले. मुलगा शेजारी गप्प बसून होता. आम्ही त्याच दिवशी शुल्काची रक्कम भरून परतलो आणि काम एका फेरीत उरकले म्हणून संतोष मानला.

एका वर्षाने मुलगा घरी परत आला. दोन विषयांना अर्धे सत्र उलटेपर्यंत शिक्षक नव्हते. कार्यशाळा क्वचितच उघडे. जे समजले नाही ते विचारावयास कोणी नव्हते. तो मागे पडला आणि पुन्हा जाण्याचे त्याने नाकारले. पेढीवर येऊन बसला तो बसलाच. धंदा त्याने चोख सांभाळला, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु यंत्र मोडले की ते उघडून बसणारा तो मुलगा होता. पुढे त्याने घरातील पंख्यालासुद्धा हात लावला नाही.

पुष्कळ वर्षांनी सहज बोलताना तो म्हणाला, "बापूजी, त्या दिवशी कार्यशाळेच्या कुलपावर कोळ्याचे जाळे होते. मला ते दिसले होते."

आम्ही विचारले, "मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही बोलत होता."

या तीन शब्दांत आमची चूक पुरती सांगून झाली. दाखविले तेवढेच आम्ही पाहिले, ही पहिली गोष्ट. ज्याला तेथे राहून शिकावयाचे होते त्याला पाहू दिले नाही, विचारू दिले नाही, ही दुसरी. आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी होय.

२. केव्हा जावे

बहुतेक पालक निकालानंतर, म्हणजे मे-जून महिन्यांत, महाविद्यालय पाहावयास निघतात. ही वेळ सर्वांत निरुपयोगी आहे. त्या दिवसांत वर्ग मिटलेले असतात, प्रयोगशाळांना कुलपे असतात, विद्यार्थी गावी गेलेले असतात. बाजार उठल्यावर बाजार पाहण्यासारखेच ते आहे. शिवाय प्रवेशाचे दिवस अंगावर आलेले असतात, त्यामुळे नापसंत ठरविण्याची मोकळीक उरत नाही.

यास्तव मूल अकरावीत असतानाच जावे, अथवा बारावीच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये पुन्हा भरली म्हणजे जावे. समारंभाचा दिवस टाळावा. पालकांसाठी संस्थेने खास आखलेला दिवसही एकट्यावर भागविण्याजोगा नाही; त्या दिवशी तोरणे बांधलेली असतात. एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार निवडावा. कार्यालयास आधी पत्र लिहून अथवा दूरध्वनी करून अनुमती घ्यावी, न विचारता वर्गात शिरणे शिष्टसंमत नाही. ज्या संस्थेला साध्या दिवशी पाहुणा आलेला खपत नाही, तिने न बोलता पुष्कळ सांगितले असे समजावे.

जाताना शक्य तर मोटारीने जाऊ नये. मूल ज्या आगगाडीने, ज्या बसने नित्य जाणार, तिनेच जावे. स्थानकापासून फाटकापर्यंत किती चालावे लागते, पावसाळ्यात तो रस्ता कसा असेल, संध्याकाळी दिवे लागतात की नाही, हे मोटारीच्या काचेतून कळत नाही.

३. निघण्यापूर्वी कागद पाहावा

माल पाहण्यापूर्वी आपण बीजक पाहतो. महाविद्यालयाचेही बीजक असते, आणि आता ते घरबसल्या वाचता येते. अभियांत्रिकीसारख्या तांत्रिक अभ्यासक्रमास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, आणि अशा संस्थेने आपले शिक्षक, शुल्क व सोयी यांची माहिती आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावयाची असते. बंगळूर येथे १९९४ साली स्थापन झालेली 'नॅक' ही परिषद संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. तांत्रिक शिक्षणातील एकेका अभ्यासक्रमाचे मूल्यमापन राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ करते. हा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. संस्थेस उत्तम श्रेणी असेल, पण आपल्या मुलास हवा असलेला अभ्यासक्रम मूल्यांकित नसेल, असेही संभवते. म्हणून श्रेणी कोणती एवढेच न पाहता ती कशाला मिळाली, केव्हा मिळाली व कोठवर चालते, ही तिन्ही उत्तरे मिळवावी.

नोकरीच्या आकड्यांविषयी विशेष सावध असावे. "आमच्या विद्यार्थ्यास अमुक लाखांचे वेतन मिळाले" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तो एका पोत्याचा भाव होय, सबंध गाडीचा नव्हे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीची पहिली यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली. या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था जी माहिती सादर करतात तीत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांस नोकरी मिळाली, किती पुढे शिकावयास गेले आणि मध्यक वेतन किती, हे दिलेले असते. नोकरी मिळालेल्या सर्वांना वेतनाच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर बरोबर मधल्या विद्यार्थ्याचे जे वेतन ते मध्यक होय. हा आकडा पाहावा. त्यावरून व्यापाऱ्यास गोष्ट लगेच उमजते.

सुरतेतील मराठी कुटुंबांनी आणखी एक कागद वेळीच पाहावा. मुलाने बारावी कोणत्या राज्यातून केली, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातून बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी असतात. मूळ गाव खानदेशात असले तरी ज्याने गुजरातेतून बारावी केली, तो सुरतेच्या संस्थेसाठी गृहराज्याचा ठरतो आणि नागपूरच्या तशाच संस्थेसाठी परराज्याचा. महाराष्ट्र राज्याच्या जागांसाठी अधिवासाचे व दहावी-बारावीच्या शाळेचे नियम निराळे आहेत. ते त्या वर्षीच्या पुस्तिकेतून वाचूनच पुण्याचे तिकीट काढावे. पुण्याचे महाविद्यालय पसंत पडावे आणि मग नियम कळावा, असे झालेले आम्ही एकाहून अधिक घरी पाहिले आहे.

४. कोठे काय पाहावे

सर्व महाविद्यालये एकाच नजरेने पाहू नयेत. गहू पाहण्याची रीत वेगळी, तांदूळ पाहण्याची वेगळी. ज्या विद्येचे जे खरे काम, ते जेथे चालते ती जागा प्रथम पाहावी. आमच्या सुरतेच्या आसपासचीच उदाहरणे घेऊ.

वैद्यकीय महाविद्यालयाचा जीव रुग्णालयात असतो. सुरतेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६४ सालचे. त्याला न्यू सिव्हिल हॉस्पिटल जोडलेले आहे. अशा ठिकाणी सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची गर्दी दुरून पाहिली तरी विद्यार्थ्यांस शिकावयास काय मिळत असेल हे कळते. उलट, इमारत भव्य आणि खाटा रिकाम्या असे कोठे आढळले तर तेथे थबकावे.

अभियांत्रिकीचा जीव कार्यशाळेत. इच्छानाथ येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था १९६१ साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ साली तिला आजचा दर्जा मिळाला. अशा जुन्या संस्थेत काय किंवा नव्या संस्थेत काय, यंत्राला तेल आहे की धूळ, एका यंत्राभोवती किती मुले उभी राहतात, आणि मुलांचे हात मळलेले आहेत की फक्त वह्या भरलेल्या आहेत, हे पाहावे.

कृषिविद्येचा जीव शेतात. नवसारी कृषी विद्यापीठ २००४ पासून स्वतंत्र आहे. सुरतेचे मुख्य कापूस संशोधन केंद्र आज त्याच विद्यापीठाकडे आहे. याच केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' ही कापसाची जात सिद्ध केली आणि १९७० साली ती शेतकऱ्यांच्या हाती आली. व्यापारी लागवडीस आलेली कापसाची ती जगातील पहिली संकरित जात होय. ती कोणत्याही संगमरवरी सभागृहात जन्मली नाही, मातीच्या वाफ्यांत जन्मली. कृषी महाविद्यालय पाहावयास जाणाऱ्याने कार्यालयातून सरळ शेतावर जावे आणि वाफ्यांवरील पाट्या वाचाव्या. पेरणीची तारीख या हंगामाची आहे की तीन वर्षांपूर्वीची, एवढे वाचले तरी पुरे.

कला व वाणिज्य शाखांचा जीव ग्रंथालयात व वर्गात. सुरतेस सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीची परंपरा १९१२ पासूनची आहे आणि तिचे एम. टी. बी. महाविद्यालय १९१८ सालचे. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६७ साली स्थापन झाले. ताप्ती व्हॅलीच्या आगगाडीने पूर्वेस गेले तर अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ सालचे, आणि जळगावचे विद्यापीठ १९९० सालचे, ज्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. त्याहून दूर पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ पासून चालू आहे. जुनेपणाने मान मिळतो, पण जुनेपणा म्हणजे आजचे शिक्षण नव्हे. ग्रंथालयात दुपारी चार वाजता किती मुले वाचीत बसली आहेत, ते संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, नवी पुस्तके कोणत्या सालापर्यंतची आहेत, हे कोठेही गेले तरी पाहावे. अनुमती मिळाली तर मुलाला एका तासाला मागल्या बाकावर बसू द्यावे. आपण बाहेर थांबावे.

५. कोणास काय विचारावे

संस्थेने दिलेला मार्गदर्शक सभ्य व हुशार असतो. त्याचे आभार मानावे, पण परीक्षा त्याच्या सांगण्यावर संपवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले जेथे चहा पितात तेथे आपल्या मुलाने एकट्याने जावे. आपण बरोबर गेलो तर ती मुले "सर्व चांगले आहे" एवढेच सांगतात. बरोबरीच्या मुलाशी ती मोकळी बोलतात. मुलाने तीन प्रश्न विचारावे. गेल्या आठवड्यात किती तास झाले नाहीत? एखादी गोष्ट समजली नाही तर तुम्ही कोणाकडे जाता? आणि पुन्हा निवड करावयाची झाली तर येथेच याल का? हे प्रश्न एकाच विद्यार्थ्यास विचारून थांबू नये. चार-पाच जणांस वेगवेगळे विचारावे. एका पोत्यात एकदाच परखी घालून गाडी पास करीत नाहीत.

विभागप्रमुख भेटले तर नम्रपणे विचारावे की विभागात कायम शिक्षक किती आणि तासिकेवर येणारे किती. प्रयोगशाळेच्या परिचराशी दोन शब्द बोलावे. उपकरण केव्हा बिघडले व केव्हा दुरुस्त झाले हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. आणि घरी परतल्यावर नव्हे, तर परतीच्या गाडीतच मुलाने सर्व लिहून काढावे. दोन-तीन महाविद्यालये पाहिली म्हणजे कोणती प्रयोगशाळा कोठली, याचा गोंधळ उडतो.

६. वसतिगृह व भोजन

मूल बाहेरगावी राहणार असेल तर वसतिगृह अवश्य पाहावे, आणि नमुन्याची खोली नव्हे, तर कोणी राहत असलेली खोली पाहावी. पाणी किती वेळ येते, स्नानगृहे किती, आजारी पडले तर जवळचे रुग्णालय कोणते, रात्री फाटक केव्हा बंद होते, वसतिगृहप्रमुख तेथेच राहतात की नाही, हे विचारण्यात संकोच नसावा. नवागतांच्या छळाविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली कडक विनियम केले. प्रत्येक संस्थेत त्यासाठी समिती असावी लागते. त्या समितीची नावे व दूरध्वनी भिंतीवर लावलेले आहेत की नाहीत, हे पाहण्यास क्षणभरही लागत नाही.

आपल्या समाजाच्या मुलांपुढे भोजनाचा प्रश्न असतो. कंदमूळ न घालता स्वयंपाक मिळेल का, चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी ताट मिळेल का, हे खानावळ चालविणाऱ्यास आधी विचारावे. संस्थेने "सर्व सोय होईल" असे म्हटले तरी एक वेळ तेथे जेवून पाहावे. याच अडचणीतून आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१४ साली मुंबईस महावीर जैन विद्यालय निघाले, आणि पुढे इतर शहरांतही त्याची वसतिगृहे झाली. गावाची निवड करताना तेथे असे एखादे वसतिगृह आहे का, याची चौकशी बरोबरच करावी. मुलास उपाशी ठेवून कोणतीही विद्या पचत नाही.

७. हिशेब

शुल्क म्हणजे केवळ शिक्षणशुल्क नव्हे. वसतिगृह, खानावळ, अनामत, परीक्षाशुल्क, पुस्तके, प्रवास, असा पूर्ण अभ्यासक्रमाचा एकत्र आकडा काढावा. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क राज्याची नियामक समिती ठरविते. तो आकडा व महाविद्यालयाने सांगितलेला आकडा शेजारी मांडून पाहावे. पावतीविना एक रुपयाही देऊ नये. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेस विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. ती तपासून परत घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भेटीच्या दिवशी पैसे भरू नयेत. "आज भरलेत तरच जागा राहील" असे कोणी म्हणाला, तर आपल्या बाजारात असे बोलणाऱ्याचा माल आपण कसा पाहतो, ते आठवावे.

८. नातीबरोबर

थोरल्या चिरंजीवांची कन्या, आमची नात, हिने २०२५ साली बारावी केली. तिला सूक्ष्मजीवशास्त्र शिकावयाचे होते. लहानपणी ती वखारीत येऊन पोत्यातील किडे काचेच्या बरणीत धरून ठेवीत असे. तेव्हा ही आवड आमच्याच मालामुळे लागली असावी. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही तिघे, म्हणजे नात, तिचे वडील व आम्ही, दोन महाविद्यालये पाहावयास गेलो. या वेळी आम्ही एक नियम स्वतःस घालून घेतला होता. आम्ही बोलावयाचे नाही.

पहिले महाविद्यालय नवे, स्वच्छ, देखणे होते. आम्हांस ते मनापासून आवडले. नात वही घेऊन आत गेली. आम्ही बाहेर निंबाखालच्या बाकावर बसलो. चिरंजीव मात्र आमच्याजवळ बसले नाहीत. इमारतीच्या मागल्या अंगाने ते एकटेच एक फेरी मारून आले. काय पाहिले, असे आम्ही विचारले नाही. तेही बोलले नाहीत.

दुसरे महाविद्यालय जुने, रंग उडालेले. प्रयोगशाळेतील मेजांवर डाग पडलेले. आमचे मन खट्टू झाले. नात दीड तासाने बाहेर आली आणि म्हणाली, "आजोबा, मला येथे यावयाचे आहे."

नियम मोडून आम्ही विचारले, "का ग? ते पहिले किती छान होते!"

तिने वही उघडली. पहिल्या ठिकाणी एका तुकडीत तीस मुली आणि चालू सूक्ष्मदर्शक सहा. येथे वीस मुली आणि सूक्ष्मदर्शक दहा. पहिल्या ठिकाणच्या जंतू वाढविण्याच्या काचेच्या बशा कपाटात नीट रचून ठेवलेल्या, कोऱ्या. "येथल्या उबवणपेटीत बशा भरलेल्या होत्या, आजोबा, आणि प्रत्येकीवर मुलीचे नाव नि तारीख होती. तारीख परवाची होती."

आम्ही चाळीस वर्षे धान्य पारखले. परंतु एवढी चांगली परखी आम्हांस कोणी दाखविली नव्हती. चिरंजीवांनी तिच्या हातून वही घेतली, ते पान पुन्हा एकदा वाचले आणि वही मिटून परत दिली. परतीच्या गाडीत बाप-लेक प्रयोगशाळेविषयीच बोलत होते. उबवणपेटीची उष्णता कायम कशी राहते, हे चिरंजीव तिला कागदावर आकृती काढून समजावीत होते. त्यांच्या हाती आकृतीसाठी पेन्सिल आम्ही पुष्कळ वर्षांनी पाहिली.

नात तेथेच दाखल झाली. खानावळीतील डाळ पातळ असते अशी तिची तक्रार आहे. धान्याच्या व्यापाऱ्याच्या नातीने ती करावी हे योग्यच आहे. अभ्यासाविषयी अजून तक्रार आलेली नाही.

९. दोन विनंत्या

लेख पुरा करण्यापूर्वी आपल्या मंडळास दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, दिवाळीनंतर एखाद्या साध्या दिवशी सभासदांच्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींस एकत्र घेऊन दोन महाविद्यालये दाखविण्याचा उपक्रम मंडळाने दरवर्षी योजावा. बरोबर वडीलधाऱ्यांपैकी दोघेच असावे, आणि त्यांनी बाकावर बसावे. ज्या सभासदास स्वतः जाणे परवडत नाही किंवा ज्याचे कोणी शिकलेले नाही, त्याच्या मुलास याचा सर्वांत अधिक उपयोग होईल.

दुसरी विनंती आपल्यातील विश्वस्तांस. व्यापाऱ्यांच्या देणगीतून विद्यालये व महाविद्यालये उभी राहावीत ही आपल्या भागाची जुनी रीत आहे. अमळनेरच्या महाविद्यालयास प्रताप शेठांचे नाव आहे ते याच रीतीने. आपल्यापैकी जे कोणी अशा संस्थांचे विश्वस्त असतील, त्यांनी आपले फाटक कोणत्याही साध्या दिवशी पाहणाऱ्यास उघडे ठेवावे. आणि महिन्यातून एकदा, चहा घेण्यापूर्वी, कार्यशाळेचे कुलूप स्वतः जाऊन पाहावे.

आपल्या धंद्यात फसलेल्या मालाचा तोटा पुढल्या हंगामात भरून निघतो. मुलाचे गेलेले वर्ष कोणत्याही हंगामात परत येत नाही. म्हणून बंधूंनो, परखी मुलाच्या हाती द्या, पोते आपण धरा. सर्व मुलामुलींस योग्य विद्या व योग्य गुरू लाभोत, हीच प्रार्थना.